सलग तीन तास लिहिणे आणि खिशातला फोन : तरुणांच्या एकाग्रतेचे नेमके काय झाले आहे?

पेठकर

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना मी उत्तरलेखन शिकवतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींची अडचणच बदलली. त्या अडचणीबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्वीची मुख्य परीक्षा प्रामुख्याने बहुपर्यायी होती. आता एकूण नऊ पेपर आहेत. त्यांपैकी भाषांचे दोन पेपर केवळ पात्रतेपुरते असून उरलेल्या सात पेपरांचे, प्रत्येकी २५० याप्रमाणे, १,७५० गुण गुणवत्तेसाठी धरले जातात. म्हणजे तीन तास बसून, स्वतःच्या वाक्यांत, एकामागून एक उत्तर लिहीत जायचे. गोल काळे करण्याची सवय लागलेल्या पिढीला हा बदल जड जाणार हे उघड होते, आणि तो पुढे ढकलावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मोठे आंदोलनही झाले होते. परंतु मला जे दिसते ते केवळ लिहिण्याचा सराव नसल्यामुळे होत असावे असे वाटत नाही.

सराव परीक्षेला फोन दाराशीच जमा होतात. पहिली चार-पाच उत्तरे नेटकी असतात. त्यानंतर परिच्छेदांचे मुद्दे होतात, मुद्द्यांचे अर्धवट शब्द होतात, आणि पेन थांबते. उमेदवार घड्याळाकडे पाहतो, पाणी प्यायला उठतो, आणि फोन नसलेल्या खिशावरून हात फिरवून परत बसतो. त्याच उमेदवाराला नंतर तोच प्रश्न तोंडी विचारला, तर पंचायत राज व्यवस्थेतील त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीपासून ग्रामसभेच्या अधिकारांपर्यंत सर्व काही तो व्यवस्थित सांगतो. त्याचा अभ्यास झालेला आहे, मात्र त्या अभ्यासापाशी फार वेळ थांबणे त्याला जमत नाही.

चर्चेत कोणीतरी आणणारच, म्हणून एक दावा आधीच बाजूला ठेवतो. माणसाचे लक्ष आठ सेकंद टिकते आणि गोल्डफिशचे नऊ, हे वाक्य मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या २०१५ च्या एका अहवालामुळे जगभर गेले. तो आकडा अहवालाने दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून उचलला होता, आणि २०१७ मध्ये बीबीसीने त्याच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा मागे कोणतेही संशोधन सापडले नाही. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्लोरिया मार्क यांनी लोकांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून मोजमाप केले आहे. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटे थांबत असे, २०१२ मध्ये ७५ सेकंद, आणि त्यानंतरच्या वर्षांत सुमारे ४७ सेकंद. त्यांच्या निरीक्षणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग असा की, कामातील खंडांपैकी फार मोठा वाटा बाहेरून आलेल्या व्यत्ययाचा नसतो. कोणीही हाक मारलेली नसताना माणूस स्वतःच काम सोडून दुसरीकडे वळतो.

माझे मत असे की लक्ष देण्याची क्षमता नाहीशी झालेली नाही. स्वतःच स्वतःला तोडण्याची सवय मात्र लागली आहे, आणि फोन दाराशी जमा केला तरी ती सवय माणसाबरोबर आत येते. आपला अनुभव आणि अभ्यास काय सांगतो?

मनोमापन

पेठकर, मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून तुम्ही शेवटी मांडलेल्या मताला काही आधार देते आणि थोडा धक्काही.

एकाग्रता मोजण्यासाठी ‘डी-टू’ नावाची एक जुनी कागदी चाचणी वापरली जाते. ओळींमध्ये ‘डी’ आणि ‘पी’ ही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, त्यांच्या वर-खाली लहान रेघा असतात, आणि नेमक्या दोन रेघा असलेले ‘डी’ तेवढेच शोधून खोडायचे असतात. १९९० ते २०२१ या काळात ३२ देशांतील एकवीस हजारांहून अधिक लोकांनी दिलेल्या या चाचणीच्या निकालांचे एकत्रित विश्लेषण व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रौढांची कामगिरी या तीस वर्षांत घसरण्याऐवजी सुधारल्याचे त्यात दिसले. मुलांच्या एकूण कामगिरीत फरक पडला नाही, पण मुले अधिक वेगाने काम करू लागली आणि चुकाही अधिक करू लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या चाचणीच्या रूढ स्वरूपात १४ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला २० सेकंद मिळतात. म्हणजे संपूर्ण चाचणी ४ मिनिटे ४० सेकंदांत संपते. पुढे काय करायचे ते दर वीस सेकंदांनी दुसरे कोणीतरी सांगत असते. तुमच्या उमेदवाराला तीन तास स्वतःच स्वतःला सांगायचे असते. थोडक्या वेळात लक्ष एकवटणे आणि कंटाळा आला तरी कामाशी टिकून राहणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले शाबूत असताना दुसरे ढिले पडू शकते, आणि आपण सरसकट ‘एकाग्रता घटली’ म्हणतो तेव्हा बहुधा दुसऱ्याविषयीच बोलत असतो.

धक्का असा की फोन हेच कारण आहे असे यातून सिद्ध होत नाही. लॉस एंजेलिसमधील अडीच हजारांवर शाळकरी मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. त्यात डिजिटल माध्यमांचा वारंवार वापर आणि पुढे उद्भवणारी अवधानदोषाची (एडीएचडीची) लक्षणे यांचा संबंध आढळला. पण तो माफक होता, आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. शिवाय अशा बहुतेक अभ्यासांत फोनचा वापर किती हे लोक स्वतःच सांगतात. लोकांनी सांगितलेले तास आणि फोनमध्ये नोंदलेले तास यांचा मेळ फारसा बसत नाही, हे २०२१ च्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झाले आहे.

तिसरा_प्रयत्न

सर, तुमच्या वर्गात नसलो तरी तुम्ही वर्णन केलेला उमेदवार मीच आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

फोन दूर ठेवा हे सांगणे सोपे आहे, पण आमचा अभ्यासच फोनमध्ये आहे. चालू घडामोडींची मासिके टेलिग्रामवर पीडीएफ स्वरूपात येतात. टेस्ट सिरीजचे निकाल, क्लासच्या वेळेतील बदल, लोकसेवा आयोगाची जाहिरात किंवा शुद्धिपत्रक निघाल्याची बातमी, सर्व काही ग्रुपवर येते. मेसचे पैसे यूपीआयने द्यावे लागतात, घरून फोन येतो तोही त्याच यंत्रावर. मी एका पीडीएफमधील एक पान पाहण्यासाठी फोन उघडतो, तेव्हा वर सूचनांची रांग लागलेली असते आणि त्यातली एखादी खरोखरच महत्त्वाची असू शकते. ती न पाहता पुढे जाण्यासाठी दर वेळी मनाला आवर घालावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत तो आवर घालण्याची ताकद संपते.

दुसरी गोष्ट वेगाची. यूट्यूबवरील व्याख्याने आम्ही सर्वजण दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतो, कारण अभ्यासक्रम अवाढव्य आहे. काही महिने असे ऐकल्यावर समोर बसून शिकवणारे शिक्षक संथ वाटू लागतात, पुस्तकातील लांब वाक्य पुढे सरकत नाही, आणि स्वतःचे लिहिणे तर असह्य मंद वाटते. विचार पुढे धावलेला असतो आणि हात मागे राहतो. पडद्यावर बोट दाबून धरून आपलाच वेग वाढवावा असे वाटते, पण तशी सोय नसते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल आमच्यापैकी फारसे कोणी बोलत नाही, ती म्हणजे अभ्यासाचेच रील. ‘एका मिनिटात राज्यपालांचे अधिकार’, ‘तीस सेकंदांत महाराष्ट्रातील घाट’ अशा चित्रफिती एकामागून एक येत राहतात. त्या पाहताना वेळ वाया घालवल्याची टोचणी लागत नाही, कारण विषय परीक्षेचा असतो. तासाभराने उठताना पुष्कळ उजळणी झाल्यासारखे वाटते. उत्तर लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात येते की प्रत्येक मुद्दा ओळखीचा आहे आणि एकही मुद्दा दुसऱ्याला जोडता येत नाही. बहुपर्यायी परीक्षेत ओळख पुरत असे, कारण चार पर्यायांतून योग्य तो ओळखायचाच होता. आता ते पुरत नाही.

जुना_वाचक

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असे काहीसे येथे होत आहे. कादंबऱ्या, सिनेमा, रेडिओ, केबल टीव्ही या प्रत्येकावर तरुणांना बिघडवल्याचे खापर फोडून झालेले आहे. काही शे पदांसाठी लाखोंनी अर्ज करणारा, पंचविशी ओलांडलेला, घरच्यांच्या पैशांवर शहरात राहणारा, जाहिरात केव्हा निघेल याची शाश्वती नसलेला तरुण तीन तास शांत चित्ताने लिहू शकत नसेल, तर त्यासाठी फोनपर्यंत जाण्याची गरज काय? काळजीने पोखरलेल्या मनाचे लक्ष कधीच टिकत नव्हते. फोन हे त्याचे लपण्याचे ठिकाण आहे. ते काढून घेतले तर तो दुसरे शोधेल.

संगणकी

जुना_वाचक, काळजीचा मुद्दा मान्य आहे, पण कादंबरी आणि फोन यांना एका रांगेत बसवणे पटत नाही. कादंबरीला वाचकाने कोणत्या पानावर पुस्तक मिटले हे कळत नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तेथे नेमके तेच मोजले जाते. चित्रफीत कितव्या सेकंदाला सोडली, कोणती दोनदा पाहिली, कोणत्या वेळी सूचना पाठवली असता फोन उघडला गेला, या सर्वांची नोंद होते. त्यावरून पुढची चित्रफीत निवडली जाते आणि ही निवड प्रत्येकासाठी वेगळी असते. केबल टीव्हीने सर्व घरांना एकच मालिका दाखवली. येथे प्रत्येकाच्या कंटाळ्याचा आलेख वेगळा काढला जातो आणि तो चढू लागण्याआधीच पुढची वस्तू समोर येते.

रचनेतील लहानलहान गोष्टीही पाहाव्यात. पानाचा तळ कधी येतच नाही अशी सरकपट्टी अझा रस्किन यांनी २००६ मध्ये तयार केली, आणि पुढे त्यांनीच तिच्या परिणामांविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपले की माणूस क्षणभर थांबतो आणि उठायचे की नाही ते ठरवतो. तो क्षणच त्या सरकपट्टीने काढून टाकला. प्रत्येक वेळी खाली ओढल्यावर काहीतरी मनासारखे मिळेलच असे नसते, आणि मिळेल की नाही याची अनिश्चितताच हात चालू ठेवते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांपासून हे तत्त्व माहीत आहे.

आपल्याकडे हे सर्व फार थोड्या काळात एकदम आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. दोन्हींची सुरुवातीची मर्यादा पंधरा सेकंद होती. आज तेविशी-चोविशीत असलेल्या तरुणाचे हायस्कूल स्वस्त डेटाबरोबर सुरू झाले आणि बारावीच्या आगेमागे, टाळेबंदीत घरी कोंडलेला असताना, त्याच्या हाती पंधरा सेकंदांची चित्रफीत आली. पेठकरांच्या वर्गात बसलेली पिढी नेमकी हीच आहे.

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सुरू केलेला उपक्रम अनेकांना ठाऊक असेल. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद ठेवले जातात. टाळेबंदीतील ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातून फोन सुटेना, हे त्यामागचे निमित्त होते.

मला त्यातील भोंगा महत्त्वाचा वाटतो. एकट्या मुलाने फोन बंद केला तर त्या वेळात आपल्याला वगळून काहीतरी घडत असेल ही रुखरुख त्याला राहते. सर्वांनी एकाच वेळी बंद केला तर ग्रुपवर काही घडतच नाही, त्यामुळे चुकण्यासारखे काही उरत नाही. तिसरा_प्रयत्न यांनी जी आवर घालण्याची ताकद संपते म्हटले आहे, ती येथे प्रत्येकाला स्वतंत्रपणे खर्च करावी लागत नाही. अर्थात तो उपक्रम मुख्यतः शाळकरी मुलांसाठी आहे, आणि घरात आईवडील, सरपंच, शेजारी यांची नजर असते. पेठेतील खोलीत चार मुले भाड्याने राहतात. त्यांच्यासाठी भोंगा कोणी वाजवायचा, हा प्रश्न उरतोच.

मनोमापन

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून एका अलीकडच्या प्रयोगाविषयी लिहिते, कारण यात केवळ संबंध न पाहता प्रत्यक्ष बदल करून पाहिला आहे.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६७ जणांच्या स्मार्टफोनवरील इंटरनेट दोन आठवडे बंद करण्याचे ठरले. बोलणे आणि साधे संदेश चालू होते. संगणकावरील इंटरनेटलाही मनाई नव्हती. दोन आठवड्यांनंतर टिकून राहणारे लक्ष चाचणीत मोजण्याइतके सुधारले. वय वाढत जाते तसे लक्ष जेवढे घटते त्याच्याशी तुलना केली, तर ही सुधारणा सुमारे दहा वर्षांच्या घटीएवढी भरली. मनःस्वास्थ्यही सुधारले, म्हणून जुना_वाचक यांच्या काळजीच्या मुद्द्याचे उत्तर काही अंशी येथे आहे: काळजीमुळे फोन हाती घेतला जातो हे खरे, आणि फोनमुळे काळजी वाढते हेही खरे.

मात्र याच अभ्यासातील दुसरी बाब सहसा सांगितली जात नाही. स्वेच्छेने सहभागी झालेल्या या लोकांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याने ती बंदी चौदापैकी किमान दहा दिवस चालू ठेवली. ज्यांना सुधारायचेच होते त्यांची ही गत, तर केवळ निर्धारावर सर्व सोपवणे व्यर्थ आहे.

फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धीचा काही भाग त्याच्याकडे लागून राहतो, असे २०१७ च्या एका गाजलेल्या प्रयोगाने म्हटले होते. तो परिणाम नंतरच्या सर्व प्रयोगांत दिसला नाही, म्हणून अभ्यासिकेत फोन जमा करून घेणाऱ्या पेटीमागे मी तो आधार देणार नाही. पेटीची बाजू दुसऱ्या कारणाने भक्कम आहे: सूचना वाजली आणि ती उघडूनही पाहिली नाही, तरी हातातील कामात चुका वाढतात, हे २०१५ मध्ये दाखवले गेले आहे.

तिसरा_प्रयत्न यांच्यासाठी या प्रयोगातील कामाचा भाग म्हणजे संगणक चालू होता हा. तीच माहिती उपलब्ध होती, ती फक्त खिशातून टेबलावर गेली. शिवाय २००० ते २०१७ मधील ५४ अभ्यासांच्या एका आढाव्यात माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढतो, असे आढळले आहे. तुमच्या परीक्षेला दोन्ही अटी लागू होतात.

तिसरा_प्रयत्न

मॅडम, माहिती उपयोगी आहे, पण टेबलावर संगणक असलेला उमेदवार आमच्या अभ्यासिकेत अपवादानेच सापडतो. बहुतेकांकडे एकच यंत्र आहे आणि ते खिशात मावते. मासिकाची झेरॉक्स काढायची तर महिन्याच्या खर्चात ती मेसशी स्पर्धा करते. चौघांत मिळून एक प्रत काढली तर परवडते. आम्ही काहींनी ते सुरू केले आहे, आणि अडचण एवढीच की पाने ज्याला हवी असतात त्याच वेळी ती दुसऱ्याकडे असतात.

जुना_वाचक

संगणकी यांचा कादंबरीविषयीचा मुद्दा मान्य करतो. पण मग या रचनेचे उत्तर बावीस वर्षांच्या मुलानेच का शोधायचे? ज्यांनी पानाचा तळ काढला त्यांनी तो परत आणावा, आणि आयोगाने परीक्षेचे वेळापत्रक पाळावे. आयोगाची सूचना केव्हा येईल हे माहीत असते, तर दर दहा मिनिटांनी ग्रुप पाहण्याचे अर्धे कारण संपले असते.

पेठकर

वेळापत्रकाबद्दल जुना_वाचक यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त ते माझ्या हातात नाही. जे हातात आहे त्यात या चर्चेनंतर काही बदल करीत आहे.

पहिला बदल सराव परीक्षेच्या रचनेत. मी थेट तीन तासांचा पेपर देत होतो. आता सुरुवात एका तासाच्या सलग लेखनाने होईल आणि दर पंधरवड्याला वेळ वाढेल. चाचणीत दर वीस सेकंदांनी दुसरे कोणीतरी पुढचे काम सांगते, हे मनोमापन यांचे निरीक्षण मला फार उपयोगी वाटले. त्यामुळे पहिल्या टप्प्यात प्रत्येक उत्तराची वेळ मी फळ्यावर लिहीन, दुसऱ्या टप्प्यात ती उमेदवाराने स्वतःच्या कागदावर लिहावी, आणि तिसऱ्यात ती कोठेही लिहिलेली नसावी.

दुसरा बदल अभ्यासिकेच्या चालकांशी बोलून ठरला आहे. सकाळचे ठरावीक तास सर्वांचे फोन पेटीत जातील. आयोगाचे संकेतस्थळ आणि महत्त्वाचे ग्रुप दाराजवळच्या एका सामाईक संगणकावर पाहता येतील, आणि नवीन सूचना आली तर चालक ती फळ्यावर लावतील. मासिकाच्या दोन छापील प्रती अभ्यासिकाच घेईल. व्याख्यानांच्या वेगाबाबत मी काही सक्ती करणार नाही. मात्र दुप्पट वेगाने ऐकलेल्या व्याख्यानावर त्याच दिवशी एक पान हाताने लिहून आणल्याशिवाय पुढच्या विषयाची चर्चा माझ्याकडे होणार नाही.

तिसरा_प्रयत्न

हे चालण्यासारखे आहे, पण एक गोष्ट राहिली. पेटीतला फोन काढून आणायचे सर्वांत सामान्य निमित्त ग्रुप नसतो, घरचा फोन असतो. गावाकडे कोणी आजारी असेल तर मुलगा पेटीजवळच्याच खुर्चीवर बसतो आणि त्याला पाहून दुसरे तिघे उठतात. चालकांच्या टेबलावर एक साधा, बटणांचा फोन ठेवून त्याचा क्रमांक सर्वांच्या घरी कळवावा. आई-वडिलांना सकाळी त्याच क्रमांकावर फोन करायला सांगणे आम्हाला जमेल.